मालकाचा रकाना

२०२३ साली चाळीसगावला आमच्या गल्लीत पुराचं पाणी शिरलं. पाळीव प्राण्यांच्या छावणीला तेव्हा नुकताच सरकारी निधी आला होता, पण प्राणी तिथे ठेवायच्या अर्जावर मालकाचं नाव लागे.

होडीतून आलेल्या तलाठ्यांनी शेजारच्या सूरजबाईंना विचारलं, "अक्का, हा भुऱ्या कुत्रा तुमचाच ना?"

सूरजबाई पक्क्या जैन, खोटं बोलणार नाहीत. "जीव कोणाच्या मालकीचा नसतो, भाऊ. मी नुसती पोळी घालते."

"मग त्याला नेता यायचं नाही."

"तो माझा नाही, पण मी त्याची आहे. तसं लिहा."

तलाठ्यांनी रकाना कोरा ठेवून दोघांनाही होडीत घेतलं.

सूरजबाई मागच्या पर्युषणात वारल्या. तलाठ्यांची धुळ्याला बदली झाली, तेव्हा ते भुऱ्याला मागायला आले. कोणाकडे मागावं, हेच त्यांना कळेना. तोवर भुऱ्या गाडीत चढून बसला होता.