हात लावू नका

दवाखान्यातल्या सर्व्हरची डिस्क सकाळपासून खरखरत होती. सगळ्या पेशंटांचे स्कॅन तिच्यावरच होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अण्णांनी टर्मिनल उघडलं आणि नव्या डिस्कवर कॉपी लावली.

"अण्णा, किती झालं हो?" डॉक्टरीणबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

कॉपी चालू असेपर्यंत टर्मिनलवर दुसरं काही करता येत नव्हतं. अण्णांनी कंट्रोल आणि झेड दाबून ती क्षणभर थांबवली, हिशेब काढून दाखवला. "पाव झालंय, बाई." ती पुढे चालू करायला ते कीबोर्डकडे वळले, तोच डिस्क कर्रकन ओरडली.

"हात काढा! आता कुणी कशालाही हात लावायचा नाही!" बाई कडाडल्या. अण्णांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

मग सगळं चिडीचूप. धक्का नको म्हणून नर्सने पंखासुद्धा बंद केला. कंपाउंडर दाराला पाठ लावून उभा राहिला. सगळे घामाने निथळत होते, पण खरखर ऐकू येत होती तोवर धीर होता. चालतंय, चालतंय.

दुपार कलली आणि खरखर थांबली. जुनी डिस्क कायमची गेली होती.

"जाऊ दे मेली, आपलं काम उरकलं ना!" बाईंनी सुस्कारा सोडला. "आता बघा, अण्णा."

अण्णांनी बघितलं.



कॉपी थांबलेलीच होती, बाईंनी "किती झालं?" विचारल्यापासून.