वीतभर

आधीच्या प्रत्येक टेकमध्ये मूठ चेहऱ्यासमोरून गेली आणि चेहऱ्याला काहीही झाले नाही. शेवटच्या टेकमध्ये तीच मूठ, त्याच जागेवरून, त्याच वेगाने गेली आणि जबडा दोन ठिकाणी मोडला.

कॉलेजच्या संकलन-खोलीत चौघे होते. संकलन शिकवणारे सर यंत्रासमोर बसले होते. त्यांच्या शेजारी, ज्याने ठोसा मारला तो विद्यार्थी उभा होता. अंगाने इतका वाळका की वर्ग त्याला काडीपैलवान म्हणे. दाराशी दिग्दर्शिका, त्याचीच वर्गमैत्रीण. पदविकेची ही फिल्म तिची होती. चौथा होता जबडा मोडलेल्या मुलाचा थोरला भाऊ, सरळ इस्पितळातून आलेला. धाकटा अजून शस्त्रक्रियेच्या गुंगीत होता. त्याचे रक्त भावाच्या बाहीवर वाळून काळे पडले होते.

भावाचे म्हणणे सरळ होते. दोघा पोरांचे नुकतेच वाजले होते, ते सगळ्या वर्गाने ऐकले होते. याने डाव साधला. चित्रीकरणाची प्रत घेऊन तो पोलिसांत जाणार होता. मग या मुलाचे नाव कॉलेजातून कमी होणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. दिग्दर्शिकेने भावाला दुजोरा दिला नव्हता. त्याचे म्हणणे खोडूनही काढले नव्हते.

"दादा, मी जमिनीवरच्या माझ्या खुणेवरूनच ठोसा मारला," काडीपैलवान म्हणाला.

"दादा त्याचा. तुझा नाही."

भावाने त्याची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटले. नाक फुटले. रक्त कीबोर्डच्या फटींत उतरू लागले. भावाने केसांना धरून डोके पुन्हा उचलले. दुसऱ्या वेळी सरांनी टेबलाच्या कडेवर आपला हात ठेवला, आणि कपाळ त्यांच्या बोटांवर आदळले. सरांनी बोटे काढून घेतली, हलवून पाहिली, आणि डाव्या हाताने बटण दाबले.

"आता हे बघा," ते म्हणाले. "मग हवं तर पुढे चालू ठेवा."

त्यांनी दोन टेक एकावर एक ठेवले. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे होता. तिथून मूठ आणि चेहरा यांमधले अंतर दिसत नाही. तो तिथे ठेवतात ते त्यासाठीच. काडीपैलवानाचे पाय, खांदा, मूठ, सगळे कडेला कड जुळले. वर्गात सरांनीच शिकवले होते: अंतर राखा, जोर राखू नका, राखलेला जोर पडद्यावर दिसतो, राखलेलं अंतर दिसत नाही. आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघा, पायांकडे नाही. मुलाने यातला एकही नियम मोडला नव्हता.

फक्त धाकट्याचे डोके जुळेना. शेवटच्या टेकमध्ये ते किंचित लहान होते.

"लहान कसं?" भावाने विचारले. केस त्याच्या मुठीतच होते.

"कॅमेऱ्यापासून लांब गेलं म्हणून. म्हणजे मुठीच्या जवळ."

"आपण होऊन कोण जाईल मुठीच्या जवळ?"

याचे उत्तर चित्रात नव्हते. सरांनी आवाजाचा ट्रॅक शोधायला घेतला.

मारामारीचा मूळ आवाज कुणी ऐकत नाही. खऱ्या ठोशाचा आवाज पडद्यावर खोटा वाटतो. तो मागाहून, चामड्याच्या उशीवर ओले फडके हाणून तयार करतात. त्यामुळे कालपासून ज्याने ज्याने हे दृश्य यंत्रावर पाहिले, त्याने ते मुकेच पाहिले होते. पण धाकट्याच्या कॉलरखाली संवादांसाठी बारीक माईक लावलेला होता, आणि दोन टेकच्या मधल्या वेळातही तो बंद केला नव्हता.

दिग्दर्शिका म्हणाली, त्या ट्रॅकवर नुसती खरखर आहे, आपण तो पुसणारच होतो. सरांनी तो सुरू केला.

खरखर होती, कापडाची. मग तिचाच आवाज आला, कानाला ओठ लावून बोलावे इतका जवळून.

"खोटं दिसतंय रे. खुणेच्या वीतभर पुढे उभा राहा. काडीला सांगू नकोस, हात आखडता घेईल."

"आणि लागलं तर?"

"एकदाच लागेल."

धाकटा हसला. "दात पडले तर दादाला तू सांगायचंस हं. मी नाही."

पावले सरकली. क्लॅप वाजला. ॲक्शन. मग पेन्सिल मोडावी तसा एक लहान, कोरडा आवाज. फिल्ममध्ये तो कुणीही वापरला नसता. त्यानंतर घशात रक्त गुडगुडत असल्याचा आवाज, आणि त्यावरून, स्पष्ट, समाधानी:

"कट. ओके आहे."

भावाची मूठ उघडली. काडीपैलवान टेबलाला धरून खाली बसला. भाऊ दाराकडे वळला; तिची पाठ दाराला टेकलेली होती.

"मी त्याला विचारलं होतं," ती म्हणाली.

सरांची बोटे एव्हाना सुजली होती. त्यांनी ट्रॅक पुन्हा मागे नेला नाही. पुन्हा ऐकण्यासारखे काही उरले नव्हते. मूठ जागची हलली नव्हती. शॉट खरा दिसावा म्हणून चेहरा वीतभर पुढे आणून ठेवला होता.