घरच्या माणसाची हाक

"पासवर्ड विसरलात? घरच्या कुणाला तरी तुम्हाला हाक मारू द्या. तेवढ्यावरून ओळख पटेल," कॉम्प्युटर म्हणाला.

दिगंबरराव थकून बसून राहिले. सांगणार कसं? गणपती गेल्यापासून बायकोशी अबोला होता.

"कुणाला जेवायचं असेल तर वाढलंय," शरयूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"हाक कुणाला मारलीत, ते कळलं नाही," कॉम्प्युटर म्हणाला.

"ज्याचं त्याला कळतं."

"माफ करा, मला कळत नाही."

दिगंबररावांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते बघून शरयूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"अहो, उठा आता. किती ताणायचं माणसानं?"

ते उठले आणि मुकाट्याने ताटावर जाऊन बसले.

"ओळख पटली. या, दिगंबरराव," कॉम्प्युटर रिकाम्या खुर्चीला म्हणाला.