हनुवटीवरचं गोंदण

इंदूबाई गेल्याचं कळलं तशी माणसं जमू लागली, आणि हार घालायला फोटो हवा झाला. घरात तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून मुलानं स्वतः काढलेल्या तिच्या मांडे करण्याच्या व्हिडिओतूनच एक मोठा करून आणला. निंबाजींनी बायकोचा फोटो पाहिला आणि पालथा ठेवला.

"हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठंय?"

"आबा, नवे फोन चेहऱ्यावरचे डाग आपोआप घालवतात."

"डाग? तिच्या आजीनं हौसेनं गोंदवलं होतं ते. तुझा जुना कॅमेरा समोर असेल तेच घ्यायचा. चुलीच्या धगीतही कधी बंद पडला नाही. तो विकून हे फोनचं डबडं आणलंस."

"मग जुने व्हिडिओ बघा ना."

त्यांनी सगळे बघितले. खापरावर मांडा टाकणारे नुसते हातच दिसले. कॅमेऱ्याला तोंड दाखवायला ती लाजायची. फोननं गुळगुळीत दाखवल्यावरच ती समोर बसू लागली होती.

"आईला आवडायचं तसं," मुलगा हळूच म्हणाला.

"आवडू दे. पण या बाईला मी ओळखत नाही. हिला हार घालणार नाही."

तेरावं उरकलं. भिंतीवर इंदूबाईंचा फोटो लावायचा अजून राहिलाय.