युरेनियमचा अर्ज

रजनीबाई रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या घरी एकट्याच राहत. मूलद्रव्यांचे नमुने जमवण्याचा त्यांना जुना नाद. युरेनियमची बाटली तेवढी रिकामी होती. म्हणून डिप्लीटेड, म्हणजे किरणोत्सार कमी असलेल्या, युरेनियमच्या लहानशा तुकड्यासाठी त्यांनी सरकारकडे अर्ज केला. उत्तराऐवजी चौकशीला हवालदार आला. “बाई, हे तुम्हाले कायले पाहिजे?” चहा टाकून बाईंनी एकेक बाटली त्याच्या हातात देत गंधकापासून आयोडीनपर्यंत सगळं सांगितलं. कित्येक महिन्यांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या. हवालदारानं चहा संपवला, मग कागद पुढे केला. “खाजगी माणसाले याचा परवाना भेटत नाही. अर्ज मागे घेतला म्हणून सही करा, मामला खतम. नाहीतर मले दर महिन्याले चौकशीले यावं लागीन.” बाईंनी कागद सही न करताच परत दिला. “राहू द्या अर्ज,” त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात कधी याल?”