रम मुरलेला केक

रिकामी ताटली सिंकमध्ये खणकली आणि निवांत घरात झोपलेलं तान्हं बाळ भोकाड पसरून उठलं. आई त्याला छातीशी घेणार, तोच औषधांच्या दुकानात काम करणारी नणंद केकचा खोका वाचून ओरडली, "वहिनी, थांब! हा केक रममध्ये मुरवलाय!" "अगंबाई! मी चांगले तीन तुकडे हाणले!" "मग आता कळ काढ. पोटातली रम रक्तात जाते, रक्तातून दुधात. रक्तातली ओसरली, की दुधातलीही ओसरते." नणंदेने फ्रीजमधलं, आईनेच सकाळी काढून ठेवलेलं दूध कोमट करून बाळाला पाजलं. रडं थांबलं. "भाच्याची पहिली पार्टी हुकली गं!" नणंद म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. पाच वर्षांची लेक मात्र बाळाकडेच बघत होती. "आई, मी तर आता तुझं दूध पीत नाही. मग तुझ्यातलं माझ्यात कसं येणार?"