सातची सुई

ते दोन हजार एकवीस साल, दुसऱ्या लाटेचं. त्याआधी जळकोटच्या मलप्पांना इन्सुलिनची सुई द्यायला कंपाउंडर सकाळी नऊला घरी यायचा. तोवर आंघोळ, गळ्यातल्या इष्टलिंगाची तळहातावरची पूजा उरकलेली असायची आणि भाकरी तव्यावर. लॉकडाऊन लागलं आणि तो यायचा बंद झाला. मग मलप्पांचे उपचार चालू होते त्या नांदेडच्या दवाखान्यातल्या दामिनी सिस्टरने फोनवरूनच शिवकांताला, मलप्पांच्या बायकोला, सुई धरायला शिकवलं. तिची कोरोना वॉर्डातली ड्यूटी आठला लागायची, म्हणून फोन सातला. सुई टोचेपर्यंत ती थांबे आणि बजावी, "काका, अर्ध्या तासात खायचं बरं."

"सासूनं एवढं इचारलं न्हाई कधी," मलप्पा हसायचे. पूजेआधी आपण पाणीही घेत नाही, हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही. मरणाच्या गर्दीतून पोरगी वेळ काढते, तिला कशाला अडवायचं? सुई झाली की ते भरभर पूजा आटोपून ताटावर बसत.

त्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ वीरण्णा नांदेडात ऑक्सिजनवर होता. सुई घेऊन मलप्पा लिंग तळहातावर धरून बसले, ते उठेचनात. भावासाठी जप वाढवला होता.

शिवकांता ताट घेऊन दारात उभी राहिली. भाकरी गार झाली. मलप्पांच्या कपाळावर घाम फुटला. घाम फुटला म्हणजे शुगर उतरली, लगेच तोंडात साखर, हे सिस्टरने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तिने डब्यातून मूठभर साखर आणली. पण हातावर लिंग असलेल्या माणसाला घास कसा भरवायचा? आता संपेल, आता संपेल, म्हणत ती मूठ आवळून उभी राहिली.

मलप्पांचा हात कलला. लिंग फरशीवर पडलं, मागोमाग ते.

शिवकांताने दोन्ही हातांनी आधी लिंग उचललं. साखर सांडली. लिंग धुतलं, डोळ्यांना लावलं, वस्त्रात बांधून त्यांच्या गळ्यात घातलं. मग ती पुन्हा डब्याकडे धावली. तोवर मलप्पांची दातखीळ बसली होती. ॲम्बुलन्स कोरोनाच्या पेशंटांत अडकलेली. आली ती दुपारी, नेण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा.

वीरण्णा पंधरा दिवसांनी चालत घरी आला. दादाचा जप फळला, असं तो अजून सांगतो. दामिनी सिस्टर आता कुणालाही शुगरच्या आकड्याआधी पूजेचं विचारते. शिवकांतालाही पुढे शुगर निघाली. तिची सुई तीच टोचून घेते.

सातला फोन येतो.

"काकू, पूजा झाली का? झाल्यावरच सुई घ्यायची."

"हाव, झाली की," शिवकांता म्हणते. फोन ठेवते, सुई टोचते आणि आपल्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसते.